त्रिपुरी पौर्णिमा ते दत्तजयंती, रोज एक फोटो

ऑगस्टमध्ये आई पडली. आमच्या घरामागे बावीकडे जाणारी चिऱ्यांची वाट आहे, बाव म्हणजे विहीर, आणि पावसाळ्यात जांभ्या चिऱ्यावर शेवाळ कसं धरतं ते कोकणात राहिलेल्या माणसाला सांगायला नको, साबण फासल्यासारखं होतं सगळं. सकाळी कळशी घेऊन निघाली आणि तिसऱ्या चिऱ्यावर पाय गेला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि मी ठाण्याहून वेंगुर्ल्याला, उभादांड्याच्या घरी आले ती जवळजवळ चार महिन्यांसाठीच. माझं काम अकाउंट्सचं, लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही होतं, त्यामुळे नोकरीचा प्रश्न नव्हता. नवरा आणि लेक ठाण्यात. लेक बारावीला.

रोज रात्री साडेनऊला लेकीचा फोन. "मम्मी काय केलंस आज?" आणि मी, "काही नाही गं, रोजचंच." हे खोटं नव्हतं. सकाळी आईचा व्यायाम, मग पेज, मग तिची आंघोळ, मग माझं काम, दुपारची औषधं, परत काम, संध्याकाळी परत व्यायाम. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली आणि मला दोन दिवस एकमेकांपासून वेगळे सांगता येईनात. मंगळवारी काय झालं विचारलं तर मला खरंच आठवायचं नाही. आईच्या बाबतीत तर त्याहून वाईट, ती लोट्यावर बसून असायची, लोटा म्हणजे आमची पुढची ओसरी, आणि बोलायचीच नाही फारसं. आयुष्यभर पायाला भिंगरी लावून फिरलेली बाई, तिला एका खुर्चीत बसवल्यावर ती बोलणार तरी काय.

१५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती. आमच्याकडे तुळशीचं लग्न त्या दिवशी लावलं, ऊस आणि दिंड्याची काठी रोवली, तुळशीत आवळे चिंचा ठेवल्या, शेजारची पोरं जमली, आणि लेकीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मंगलाष्टकं झाल्यावर ती म्हणाली, मम्मी तू रोज मला एक फोटो पाठव. एकच. सुंदर बिंदर नको, आज काय झालं त्याचा. मी म्हटलं काही होतच नाही तर काय पाठवू. ती म्हणाली मग काही न झाल्याचा पाठव, दत्तजयंतीपर्यंत तरी, मग मी परत नाही मागणार. दत्तजयंती १४ डिसेंबरला, म्हणजे बरोबर तीस दिवस. मी हो म्हटलं ते खरं तर तिला बरं वाटावं म्हणून.

पहिले तीन दिवस मी समुद्रावर गेले. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो फक्त, पण चालत पंधरा मिनिटांवर सागरेश्वरचा किनारा आहे, आई शेजारच्या वहिनींजवळ बसली की तेवढा वेळ मिळायचा. मग काय, सूर्यास्त. सुरूच्या झाडातून सूर्यास्त, होडीमागे सूर्यास्त, ओल्या वाळूत सूर्यास्त. फोटो चांगले यायचे, कोकणातला नोव्हेंबर आहे, फोन कुठेही धरला तरी येतात. लेकीचं उत्तर यायचं, एक अंगठा. मला आतून कळत होतं की हे कॅलेंडरवरचे फोटो आहेत, ह्यात मी कुठेच नाही आणि आई तर नाहीच नाही.

चौथ्या दिवशी काम संपायला सात वाजले, अंधार पडला, समुद्र राहिला. मग खळ्यात, खळं म्हणजे आमचं अंगण, जाऊन तुळशीचा काढला, बल्बच्या उजेडात. ऊस वाळायला लागलेला, पानांच्या कडा पिवळ्या पडून आत वळलेल्या, झेंडूची माळ सुकून अर्धी झालेली आणि आवळ्याला एका बाजूने मुंग्या लागलेल्या. पाठवला आणि म्हटलं आज चांगला नाही आला. तिचे एकामागून एक मेसेज आले, ऊस अजून काढला नाही का, आवळा कुणी खायचा असतो, आजीने माळ स्वतः केली होती का ह्या वेळी, त्या मुंग्या लाल की काळ्या. मुंग्या लाल की काळ्या हे मला माहीत नव्हतं. परत जाऊन बघितलं. काळ्या. आणि त्या एका रांगेत तुळशीच्या चौथऱ्यावरून खाली उतरून खळ्याच्या कडेच्या भेगेत जात होत्या, तिथे मी पाच मिनिटं उभी राहिले. तीन महिन्यांत मी आपल्याच खळ्यात कधी अशी उभी राहिले नव्हते.

तिथून मला सूर सापडला म्हणायला हरकत नाही.

थोडं तांत्रिक सांगते, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझा फोन साधाच आहे, तीन वर्षं जुना. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या लेन्सवर सतत खारा थर बसतो, डोळ्यांना दिसत नाही पण फोटो धुरकट येतो, दिवे पसरल्यासारखे दिसतात, आणि आपण फोनला दोष देतो. जुन्या सुती साडीचा तुकडा घ्यायचा, लेन्सवर तोंडाची वाफ सोडायची आणि हलक्या हाताने पुसायचं, एवढ्यानेच फरक पडतो. झूम करायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की तिथला उजेड पक्का होतो, मग बोट खाली सरकवून फोटो थोडा काळोखा करायचा, लाल माती आणि तापलेलं आभाळ त्याने खरं येतं, नाहीतर फोन सगळं नारिंगी करून ठेवतो. आणि रात्री एक निवडून बाकीचे डिलीट करायचे. हे सगळ्यात अवघड. पंधरा काढले तर चौदा उडवायचे. पण निवडायला बसलं की कळतं आज नेमकं काय आवडलं होतं आपल्याला, काढताना ते कळत नाही.

ह्या निवडण्यात आई आली. एका रात्री मी लोट्यावर बसून फोटो पुढेमागे करत होते तर म्हणाली, "माका बघू दी." चष्मा लावला आणि एकेक बघायला लागली. खळ्यात सुकत घातलेल्या सोललेल्या सुपाऱ्यांचे तीन होते. मला पूर्ण पसारा दिसणारा आवडला होता. ती म्हणाली "ह्यो नको, ह्यो. हेच्यात कोंबडेची पावला दिसतत." खरंच, कडेच्या शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर कोंबडीच्या पायांचे ठसे होते, मला दिसलेच नव्हते. तोच पाठवला. त्यानंतर रोज रात्री फोन आधी आईच्या हातात आणि मग ठाण्याला.

उजेडाबद्दल बोलायलाच हवं. मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा फोटो काढायला काही उरतच नाही, सगळं पांढरं फटक. नोव्हेंबर संपताना उलट. सूर्य इतका दक्षिणेला कललेला असतो की भर बाराला सुद्धा तो तिरकाच, वस्तूला दिवसभर सावली असते. पाऊस गेलेला, हवा धुतलेली, आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो तोवर एक कोरडा थंडावा. आमच्या दाराच्या जुन्या पितळी कडीची सावली सकाळी नऊला फळीवर जवळजवळ वीतभर लांब पडते. हा फोटो मी सहा वेळा काढला वेगवेगळ्या दिवशी आणि एकदाच पाठवला. त्या फळीवर एक जुना सुरीने कोरलेला ओरखडा आहे, तिरक्या उजेडात तो वर येतो, तो मी आठवीत असताना पाडलेला. आईला विचारलं तुला माहीत होतं? म्हणाली "तुझ्या बापाशीक म्हायत नव्हता, माका म्हायत होता."

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. ऑपरेशननंतर आई डॉक्टरकडे सोडून कुठेच गेली नव्हती आणि मी गृहीत धरलं होतं की ह्या वेळी नाही जाणार. पण आदल्या दिवशीच तिने साडी काढून ठेवली. रिक्षा केली, वॉकर मागे बांधला, केंद्र प्राथमिक शाळेत होतं, उतार केलेला होता त्यामुळे पायऱ्यांचा त्रास नाही झाला. रांगेत सगळे ओळखीचे, प्रत्येकाने विचारपूस केली, दोघींनी खुर्ची आणली, आणि आई अर्धा तास इतकी बोलली जितकी महिन्याभरात बोलली नसेल. घरी आल्यावर तिच्या बोटाचा फोटो काढला, डाव्या हाताची तर्जनी, वॉकरच्या दांड्यावर ठेवलेली. ती शाई उजेडात हळूहळू गडद होते, दुपारी जांभळट होती ती संध्याकाळपर्यंत काळीशार झाली. कातडीवरची शाई पंधरा दिवसांत गेली. नखावरची राहिली, पण नख वाढतं ना, त्यामुळे रेघ हळूहळू पुढे सरकायला लागली आणि मुळाशी कोऱ्या नखाची एक पातळ कोर दिसायला लागली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेच बोट तसंच परत काढलं. दोन फोटो शेजारी ठेवले तर मधले तीन आठवडे त्या दोन मिलिमीटरमध्ये मोजून दाखवता येतात. तीन आठवड्यांत आईच्या अंगात काहीतरी वाढत होतं हे मला त्या नखावरून पटलं, एक्सरेवरून नाही पटलं तेवढं.

सूर्याची गंमत आईनेच दाखवली. लोट्यावरची तिची खुर्ची पश्चिमेकडे तोंड करून. समोर विजेचा खांब आणि त्याच्या डावीकडे माड. सहाच्या सुमाराला सूर्य माडांमागे जातो. समुद्रावरचे सूर्यास्त मी सोडून दिले होते, पण तिने एकदा सांगितलं "रोज हयसून काढ, दीस खय बुडता बघ." ती दोन महिने रोज बघतच होती, तिच्याकडे दुसरं कामच नव्हतं. मग मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर फोन टेकवून रोज एक काढायचा, पाठवण्यासाठी नाही, आमच्यासाठी. पौर्णिमेच्या दिवशी सूर्य खांबाला लागून उतरला होता. दोन आठवड्यांनी तो खांब सोडून डावीकडे, दक्षिणेला, हात लांब करून बोटं आडवी धरली तर दोन बोटांएवढा सरकलेला. मग पुढच्या दोन आठवड्यांत एकच बोट. म्हणजे तो सरकता सरकता मंदावतो, आणि २१-२२ डिसेंबरला थबकून परत फिरतो. शाळेत भूगोलात शिकलेलं, पण पाठ केलेलं आणि माडामागे बोटाने मोजलेलं ह्यात फार फरक आहे. अजून एक लक्षात आलं, सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात असला तरी सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो आमच्याकडे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, त्यानंतर संध्याकाळ एकेक मिनिटाने परत लांबायला लागते. आईला हे मिनिटांत माहीत नव्हतं, पण दिवे लावायची वेळ आता मागे जायला लागली एवढं ती डिसेंबर लागताच म्हणाली होती.

किनाऱ्यावर आठवड्यातून दोनदा जायचे, पाच वाजता, आणि एकाच खडकाचा काढायचे. पौर्णिमेच्या आसपास त्या वेळी पुरी सुकती, खडक बुंध्यापर्यंत उघडा, त्यावरच्या कालवांच्या कडा दिसायच्या. आठ दिवसांनी त्याच वेळी भरती, खडकाचं नुसतं टाळकं पाण्याबाहेर. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते म्हणून हे. मच्छीमार बायकांना हे बोटावर असतं, कुठल्या तिथीला किती वाजता पाणी कुठे ते विचारलं की थांबून विचार सुद्धा करत नाहीत.

तिथेच एका सकाळी रापण ओढत होते. होडीने जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोन रांगा करून ओढतात, म्हातारे, पोरगे, बायका सगळे. पाठ मागे टाकून, टाचा वाळूत रुतवून एका लयीत ओढत असतात, आणि जाळ्याची पिशवी जवळ आली की पाणी चमकायला लागतं, वरून घारी आणि थंडीत येणारे सीगल. मी भान विसरून फोटो काढत होते तर रांगेतल्या एका बाप्याने, साठीचा असेल, दोर न सोडता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गो बाय, फोटो काढूच्या आधी इचारूचा तरी." आवाज चढवला नाही, पण मला मान वर करता येईना. बरोबर होतं त्याचं. कुणी माझ्या आईचा वॉकरवरचा फोटो असा न विचारता काढला असता तर मी काय केलं असतं. मी फोन आत ठेवला, माफी मागितली, आणि दोराला हात लावला, दुसरं काय करणार. दहा मिनिटांत तळहात सोलले, ओल्या दोराला वाळू चिकटलेली असते. पिशवी वर आली त्यात पेडवे, थोडे बांगडे, खेकडे. वाटे पडले तेव्हा चार बांगडे मला पण दिले, दोराला हात लावणाऱ्याचा वाटा असतो. मग मी विचारलं, आता काढू का? म्हणाला माझो नको, हातांचो काढ. काढला. बोटांची पेरं मिठाने पांढरी, अंगठ्याच्या मुळाशी दोर घासून घासून पडलेला घट्टा, आणि त्या दोन हातात एक बांगडा, पाठीवरच्या हिरव्या निळ्या रेघा अजून ताज्या. त्याच्या मुलग्याचा नंबर दिला, तो मुंबईला असतो, त्याला पाठव म्हणाला. त्या दिवशी फोटो दोन घरी गेला.

बांगड्यांची तिरफळ घालून कढी केली. आई दोन वेळा जेवली त्याने.

डिसेंबर लागला आणि आभाळ भरून आलं. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला तिकडे पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं होतं, त्याचे उरलेसुरले ढग आमच्याकडे. मळभ, उकाडा, मध्येच पावसाची सर. बागायतदारांच्या पोटात गोळा, कारण आंब्याला मोहोर फुटायच्या वेळेला थंडी हवी असते आणि मळभात तुडतुडे वाढतात, आलेला मोहोर काळा पडतो. आईचा पाय दुखायला लागला, चिडचिड करायला लागली, एक दिवस व्यायाम करणार नाही म्हणाली, मी पण आवाज चढवला, दोघी रडलो. त्या दिवशी फोटो नाही काढला. अठरावा दिवस. लेकीला सांगितलं आज नाही. तिने काही विचारलं नाही, ठीक आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन पाठवून भरपाई करावी असं मनात आलं होतं पण नाही केली, जो दिवस गेला तो गेला, तीसचे एकोणतीस झाले तर झाले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी घावणे केले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून घरातच बघितलं. आमच्याकडे अजून बिडाचा जुना तवा आहे, त्याला नारळाच्या शेंडीने तेल फासायचं, पीठ ताकासारखं पातळ हवं, आणि कडेकडून आत असं ओतायचं. ओतल्या ओतल्या चर्र आवाज येतो आणि पिठाला भोकं पडतात, एक, दोन, मग एकदम शंभर, जाळी तयार होते. झाकण ठेवायचं. झाकण काढलं की वाफ, आणि कडा तव्यापासून आपोआप सुटून वर आलेल्या असतात, हात न लावता. मी हे शेकडो वेळा केलंय आणि कधी बघितलं नव्हतं, बघायचं कशाला, पुढचा घालायचा असतो ना. त्या सकाळी लक्षात आलं की जाळी सगळीकडे सारखी नसते, जिथे तवा जास्त तापलेला तिथे भोकं मोठी, कडेला बारीक. खिडकीशी ताट धरून उजेडासमोर उचलून काढला फोटो, घावण्यातून मळभाचा करडा उजेड आरपार येतोय आणि एका भोकातून बाहेरच्या केळीचं हिरवं. ह्या तीस दिवसांतला माझा सगळ्यात आवडता. आईने चहात बुडवून तीन खाल्ले आणि आदल्या दिवसाबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही.

मधे एक रात्र जत्रेला जाऊन आले, वहिनी झोपायला आल्या होत्या आईजवळ. आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात, सोनुर्लीच्या माउलीची त्रिपुरी पौर्णिमेनंतर लगेच, मग एकामागून एक, आणि जत्रा म्हटलं की रात्रभर दशावतार. मला नाटकापेक्षा त्याच्या आधीचा तास आवडतो. देवळाच्या मागे पेटारे उघडून नट स्वतःच स्वतःला रंगवत बसलेले असतात, मेकअपमन वगैरे काही नसतो. विचारून काढला हा. स्त्रीपार्टी करणारा मध्यम वयाचा माणूस, तळहाताएवढा आरसा गुडघ्याला टेकवलेला, अर्ध्या चेहऱ्यावर रंग, अर्धा चेहरा दिवसभर शेतात राबलेला, आणि आरशात फक्त एक डोळा, काजळ भरलेला. बाजूला त्याचा चहा गार होतोय. त्याने मला तेवढ्यात विचारलं, आई कशी आता? गावात बातमी अशी असते.

लेकीने त्या फोटोवर लिहिलं, मम्मी मला पुढच्या वर्षी न्यायचं. बारावी झाली की.

आता शेवाळाचं. पहिल्या आठवड्यात कधीतरी मी बावीकडच्या वाटेवरच्या त्या तिसऱ्या चिऱ्याचा फोटो काढला होता, कुणाला दाखवायला नाही. मला त्या चिऱ्याचा राग होता. ऑगस्टमध्ये त्यावर मी मीठ टाकलं होतं, घासला होता, तरी हिरवाच. नोव्हेंबरच्या मध्याला तो गडद शेवाळी होता, हात लावला तर अजून गार आणि किंचित ओला. मग दर चार पाच दिवसांनी काढत गेले. आधी कडा तपकिरी झाल्या. मग मधला भाग. मग सगळं काळं पडलं, आणि सुकून त्याचे कपटे उभे राहिले, जुन्या भिंतीचा रंग सुटतो तसे, नखाने उचलले तर खाली चिऱ्याची लाल जाळी, जांभ्याला भोकं असतात ना, त्या भोकांत अजून थोडं हिरवं तग धरून. मळभाच्या दिवसांत ते हिरवं परत जरासं फुगलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. मग थंडी आली, खरी थंडी, सकाळी गवतावर दंव आणि काजूला नवी तांबूस पालवी, आणि दोन दिवसांत चिरा खडखडीत. धोबी पक्षी शेपटी हलवत त्या वाटेवर फिरायला लागला, थंडीचाच पाहुणा तो.

आई त्या बाजूला बघायची पण नाही. मागच्या दाराशी आली तरी मान दुसरीकडे. आणि मी एका रात्री चुकून गॅलरी उघडी ठेवून फोन तिच्या हातात दिला, तिने ते सगळे चिऱ्याचे फोटो एकापाठोपाठ बघितले. सात होते. हिरव्यापासून लालपर्यंत. मला वाटलं आता बिघडलं. ती परत मागे गेली, परत पुढे आली, बोटाने मोठं करून बघितलं, आणि फोन देताना एवढंच म्हणाली, "सुकलो मा."

१४ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती. सकाळचा व्यायाम झाल्यावर तिने वॉकर मागच्या दाराकडे वळवला. मी काही बोलले नाही, फक्त डाव्या बाजूला एक पाऊल मागे चालत राहिले, फिजिओने शिकवल्यासारखी. दाराची पायरी उतरलो. पहिला चिरा. वॉकरचे रबर आधी, मग डावा पाय, मग उजवा. दुसरा. तिसऱ्यावर ती थांबली. ऊन तिरकं येत होतं, वॉकरच्या चार पायांच्या आणि तिच्या दोन पायांच्या सावल्या वाटेवर लांब पडलेल्या.

"हयच मा गो?"

"हय."

मी विचारलं काढू का फोटो, तिने मान हलवली. गुडघ्यांवर बसून काढला, चिरा, रबरं, तिची चप्पल, आणि घोट्याजवळ थोडी वर खोचलेली साडी. ती अजून खालीच बघत होती. मग फणसाखालून वाऱ्याने आलेल्या पाल्याकडे वॉकरनेच खूण करून म्हणाली,

"केर काढ गो हयचो. पाचोळो किती पडलोहा बघ."